रिकामं परतणारं विमान आणि आपला धंदा : प्रायव्हेट जेटच्या व्यवसायातून घ्यायचे ५ धडे



विषय बघून काही जण म्हणतील, "सर, आम्ही अजून एसटीनं फिरतोय आणि तुम्ही प्रायव्हेट जेट शिकवताय!" बरोबर आहे. मीही जेटनं फिरत नाही. पण जेट भाड्यानं देणं हा शेवटी भाड्याचाच धंदा आहे. टेम्पो, जेसीबी, मंडप, हॉल, जनरेटर, कॅमेरा, यातलं काहीही तुम्ही भाड्यानं देत असाल, तर जेटवाल्याची डोकेदुखी आणि तुमची डोकेदुखी एकच आहे. फरक फक्त शून्यांचा.

आज हा विषय घ्यायला कारण झालं ते एका प्रेक्षकाचा प्रश्न. त्यांच्याकडे दोन छोटा हत्ती आहेत. महिन्यातले साधारण ६ दिवस तिसरी गाडी लागते, तेव्हा ते दुसऱ्याची गाडी भाड्यानं घेतात. त्यांचा विचार असा: ग्राहकांना १० फेऱ्यांचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकायचं, "कधीही फोन करा, गाडी हजर" अशी गॅरंटी द्यायची, आणि आलेल्या पैशातून तिसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट भरायचं. घरचे नको म्हणतायत, मित्र हो म्हणतायत. प्रश्न घराच्या पैशाचा आहे, म्हणून घाईघाईत उत्तर देत नाही. आधी अमेरिकेत जाऊन येऊ. हा नेमका प्रयोग तिथे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय.

आधी धंदा समजून घेऊ

ज्याला स्वतःच्या वेळेनुसार उडायचं आहे त्याच्यापुढे चार रस्ते असतात.

पहिला, चार्टर. एका प्रवासापुरतं विमान भाड्यानं घ्यायचं, पैसे द्यायचे, विषय संपला. आपल्याकडे लग्नाला बस ठरवतो तसं. यात बऱ्याचदा मध्ये ब्रोकर असतो. त्याचं स्वतःचं विमान नसतं, तो ग्राहक आणि विमानवाला यांची गाठ घालून देतो.

दुसरा, जेट कार्ड. समजा २५ तासांचे पैसे आधीच भरायचे आणि लागेल तसे तास वापरायचे. मेसची कुपनं असतात ना, तसंच.

तिसरा, हिस्सा. एका विमानाचा सोळावा, आठवा किंवा चौथा भाग विकत घ्यायचा. सोळाव्या हिश्शाला वर्षाचे ५० तास मिळतात, आठव्याला १००. शिवाय दर महिन्याची व्यवस्थापन फी आणि उडाल तेवढ्या तासांचा वेगळा दर.

चौथा, अख्खं विमान स्वतःचं.

या धंद्यातला ढोबळ नियम असा की वर्षाला २५-५० तासच उडत असाल तर चार्टर किंवा कार्ड पुरतं, त्याहून जास्त उडत असाल तर हिस्सा बघा, आणि वर्षाला काहीशे तास उडत असाल तरच स्वतःचं विमान घेण्याचा विचार करा. यात ऐपतीचा प्रश्नच येत नाही. पैसा असलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "मी वापरणार किती?" आपण मशीन घेताना हा प्रश्न शेवटी विचारतो, तोही हप्ता सुरू झाल्यावर.

धडा १ : उभं असलेलं साधन सुद्धा पैसे खातं

विमान हँगरमध्ये उभं असलं तरी दोन पायलटांचा पगार चालू असतो. त्यांचं सिम्युलेटरवरचं ट्रेनिंग ठरलेल्या वेळी करावंच लागतं. विमा, हँगरचं भाडं, कर्जाचं व्याज चालू असतं. काही तपासण्या तर विमान उडो न उडो, तारखेनुसार कराव्याच लागतात. याला स्थिर खर्च म्हणतात. इंधन, विमानतळाचं लँडिंग शुल्क, क्रूचा मुक्काम, हे फक्त उडाल्यावर लागतं. तो बदलता खर्च.

आता हेच छोटा हत्तीवर मांडू. आकडे समजण्यासाठी गोल घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा, पासिंग, पार्किंग मिळून महिन्याला ४०,००० रुपये. हा स्थिर खर्च. एका फेरीला डिझेल, टोल आणि भत्ता १,८००. ग्राहकाकडून मिळतात ३,८००. म्हणजे एका फेरीमागे हातात राहतात २,०००. मग ४०,००० भागिले २,००० म्हणजे २० फेऱ्या. विसाव्या फेरीपर्यंत तुम्ही बँकेसाठी आणि ड्रायव्हरसाठी गाडी चालवताय. एकविसाव्या फेरीपासून स्वतःसाठी. १६ फेऱ्या झाल्या तर ८,००० तोटा, २४ झाल्या तर ८,००० नफा.

गाडी तीच, रस्ता तोच. फक्त ८ फेऱ्यांचा फरक आणि माणूस तोट्यातून नफ्यात. म्हणून भाड्याच्या धंद्यात पहिला आकडा "दर किती?" हा नसतो. "महिन्यात किती दिवस साधन चाललं?" हा असतो.

धडा २ : रिकामी फेरी कोणाच्या खिशातून जाते?

न्यूयॉर्कच्या जवळ, न्यू जर्सीत टेटरबोरो नावाचं विमानतळ आहे. तिथून नेहमीच्या एअरलाइन्स उडत नाहीत, पण प्रायव्हेट जेटची तिथे रांग असते. हिवाळ्यात श्रीमंत मंडळी तिथून फ्लोरिडातल्या पाम बीचला जातात. माणूस पाम बीचला उतरला, आठ दिवस राहणार. विमान तिथे आठ दिवस उभं ठेवायचं का? नाही परवडत. मग ते रिकामं परत येतं, नाहीतर पुढचा ग्राहक जिथे आहे तिथे रिकामंच जातं. याला ते लोक एम्प्टी लेग म्हणतात. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाषेत रिकामी फेरी.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तर गंमतच. सगळ्यांना एकाच दिशेला, एकाच दिवशी जायचं आणि रविवारी सगळ्यांना परत यायचं. उलट्या दिशेला कोणीच नाही. आपल्याकडे गणपतीत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा. तेच.

लक्षात घ्या, रिकाम्या फेरीचे पैसे कोणीतरी देतच असतं. एक तर जाणाऱ्या ग्राहकाच्या बिलात ते लावलेले असतात, नाहीतर मालकाच्या खिशातून जातात. म्हणून चार्टरवाले रिकामी फेरी मोठ्या सवलतीत विकतात. त्यावर अट असते: वेळ आमची, मार्ग आमचा, आणि मूळ ग्राहकाचा बेत बदलला तर तुमची फेरी रद्द. सवलत आहे, पण गॅरंटी नाही. हे फार महत्त्वाचं. एकाच मालाचे दोन दर लावायचे असतील, तर दोन वेगळ्या अटी हव्यात. नाहीतर पूर्ण दर देणारा ग्राहकही उद्या सवलतच मागेल.

टेम्पोचं गणित पुढे नेऊ. परतीचं भाडं १,२०० मिळालं, त्यासाठी जास्तीचा खर्च २०० झाला, तर १,००० सुटले. महिन्यात अशी ८ भाडी मिळाली की ८,०००. मघाशी १६ फेऱ्यांना तोटा किती होता? ८,०००. संपला की तोटा! नवीन गाडी न घेता, नवीन कर्ज न काढता.

धडा ३ : आधी नोंदी, मग खरेदी

आता एका माणसाची गोष्ट. रिचर्ड सँतुली. गणित शिकलेला, गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी केलेला. १९८४ मध्ये त्याने एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही कंपनी विकत घेतली. कंपनी जुनी होती, १९६४ ची. सँतुलीने काय केलं? कंपनीच्या जुन्या उड्डाणांच्या नोंदी काढून बसला. कोण कधी उडतं, किती तास उडतं, एकाच दिवशी किती जणांना विमान लागतं.

त्यातून त्याला दिसलं की बहुतेक लोकांना अख्ख्या विमानाची गरजच नाही. पण "बोलावलं की आलं पाहिजे" ही गरज मात्र सगळ्यांना आहे. मग १९८६ मध्ये त्याने नेटजेट्स नावाने हिस्से विकायला सुरुवात केली. तुम्ही एका विमानाचा हिस्सा घ्या, पण तेच विमान येईल असं नाही. ताफ्यातलं त्याच प्रकारचं, जवळ असलेलं विमान येईल. शिवाय सगळ्यांनी एकदम मागणी केली तर कमी पडू नये म्हणून कंपनीने स्वतःचीही काही विमानं ताफ्यात ठेवली.

यात हुशारी विमानात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. किती ग्राहकांमागे किती साधनं लागतात हे त्याला माहीत होतं, म्हणून तो गॅरंटी देऊ शकला. वॉरन बफे १९९५ मध्ये त्याचे ग्राहक झाले आणि १९९८ मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेने ७२.५ कोटी डॉलरला अख्खी कंपनीच घेतली.

तुमच्याकडे गेल्या १२ महिन्यांची नोंद आहे का? कोणत्या दिवशी किती फोन आले, किती ग्राहकांना "गाडी नाही" म्हणावं लागलं? बरेच जण म्हणतात, "सर, सगळं डोक्यात आहे." डोक्यात गर्दीचे दिवस राहतात. मोकळे दिवस राहत नाहीत. म्हणूनच माणूस सीझनच्या जोशात मशीन घेतो आणि पावसाळ्यात हप्ते मोजतो.

धडा ४ : आगाऊ आलेला पैसा हा नफा नाही, उधारी आहे

हा आजचा सगळ्यात मोठा धडा.

व्हील्स अप नावाची कंपनी अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झाली. मेंबरशिप घ्या, हवं तर तासांचे पैसे आधी भरा, ठरलेल्या दरात विमान मिळण्याची हमी. कोविडनंतर २०२१ मध्ये प्रायव्हेट विमानांना प्रचंड मागणी आली. लोकांना गर्दीच्या विमानात बसायचं नव्हतं. कंपनी त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. मेंबर वाढले, आगाऊ पैसे आले.

पण विमानं आणि पायलट तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. गॅरंटी दिलेली. मग काय, स्वतःचं विमान नसेल तेव्हा बाहेरच्या चार्टरवाल्याकडून बाजारभावाने घ्या आणि ग्राहकाला जुन्या ठरलेल्या दरात द्या. बाजारभाव वर गेलेला, इंधन वर गेलेलं. म्हणजे जास्त विक्री, जास्त तोटा! २०२१ मध्ये विक्री सुमारे ११९ कोटी डॉलर आणि तोटा सुमारे २० कोटी. २०२२ मध्ये विक्री वाढून सुमारे १५८ कोटी झाली आणि तोटा ५५ कोटींच्या वर गेला. त्यातला काही भाग आधी विकत घेतलेल्या कंपन्यांचं मूल्य घटवल्याचा, म्हणजे कागदावरचा होता. पण रोकड खरोखरच आटत होती. २०२३ मध्ये डेल्टा एअरलाइन्स आणि तिच्यासोबतच्या गुंतवणूकदारांनी ५० कोटी डॉलरची सोय करून कंपनी वाचवली. बदल्यात जवळजवळ ९५ टक्के मालकी त्यांच्याकडे गेली. संस्थापक त्याआधीच मुख्य पदावरून दूर झाले होते.

त्याच काळात नेटजेट्सने काय केलं? ऑगस्ट २०२१ मध्ये तिने नवीन जेट कार्ड विकणं काही काळ थांबवलं. ग्राहक पैसे घेऊन दारात उभा आणि कंपनी म्हणते थांबा, आधी जुन्या ग्राहकांना दिलेला शब्द पाळतो. ऐन सीझनमध्ये नाही म्हणायला मोठी हिंमत लागते. पण नेटजेट्सला आपली ताकद किती तासांची आहे हे ठाऊक होतं.

माझ्या दुकानातही दिवाळीच्या ऑर्डरचे आगाऊ पैसे येतात. नियम एकच आहे. ते वेगळ्या खात्यात जातात आणि माल दिला की तेवढीच रक्कम दुकानाच्या खात्यात येते. माल देईपर्यंत तो पैसा ग्राहकाचा. आपण फक्त सांभाळणारे.

धडा ५ : मोठ्या पाठिंब्यावरही हिशेब चुकतो

नेटजेट्सचंच दुसरं पान वाचू, म्हणजे एकाच कंपनीची आरती नको. २००८ च्या मंदीत श्रीमंतांनी उडणं कमी केलं. कराराची मुदत संपली की कंपनी हिस्सा बाजारभावाने परत घेते. हिस्से परत यायला लागले आणि जुन्या विमानांच्या किमती पडल्या. २००९ मध्ये नेटजेट्सला करपूर्व ७१.१ कोटी डॉलर तोटा झाला. बर्कशायरने घेतली तेव्हा कंपनीवर १०.२ कोटी डॉलर कर्ज होतं, ते एप्रिल २००९ मध्ये १९० कोटींवर पोहोचलेलं. बफेंनी भागधारकांच्या पत्रात उघड लिहिलं की बर्कशायरची हमी नसती तर ही कंपनी बंद पडली असती. सँतुली त्या वर्षी बाहेर पडला. नव्या व्यवस्थापनाने खर्च आणि कर्ज कमी केलं आणि २०१० मध्ये कंपनी २०.७ कोटी डॉलर करपूर्व नफ्यात आली.

आपल्या पाठीशी बर्कशायर नाही. आपल्या पाठीशी बायकोचे दागिने आणि वडिलांची एफडी असते. म्हणून मंदीचं गणित आपण आधी करायचं: फेऱ्या ३० टक्क्यांनी कमी झाल्या तर सहा महिने हप्ता कुठून भरणार?

परवान्याबद्दल दोन शब्द

आपल्या देशात चार्टर करायचं तर डीजीसीएचं नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परमिट लागतं. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान पैसे घेऊन भाड्यानं देता येत नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही, अगदी तसंच. अमेरिकेतही चार्टरसाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. स्वस्तात विनापरवाना काम करणारे तिथेही आहेत. अपघात झाला की मात्र विमा कंपनी पहिल्यांदा कागद मागते. टेम्पोवाले असा की मंडपवाले, कागद पूर्ण ठेवा. आणि ब्रोकरकडून गाडी घेताना गाडी नक्की कोणाची आहे ते विचारा.

आता त्या प्रश्नाचं उत्तर

दादा, तुमची तिसरी गाडी मांडू. ६ दिवस बाहेरून गाडी घेता, समजा ३,३०० ला मिळते आणि तुम्ही ३,८०० चं बिल करता. ५०० प्रमाणे महिन्याला ३,००० सुटतात. स्वतःची घेतली तर त्याच ६ फेऱ्यांतून १२,००० हातात येतील, पण स्थिर खर्च ४०,०००. म्हणजे महिन्याला २८,००० तोटा.

मग गाडी कधी घ्यायची? बरेच जण म्हणतील २० फेऱ्या झाल्या की. नाही. २० फेऱ्यांना स्वतःच्या गाडीत शून्य सुटतं, आणि बाहेरून घेऊन १०,००० सुटतात. बाहेरून घ्यावी लागणारी फेरी महिन्याला २७ च्या पुढे गेली की स्वतःची गाडी जिंकते. परतीची भाडी धरली तर हा आकडा खाली येईल, पण ६ वर नाही येणार.

आता पॅकेज. १० फेऱ्या ३,५०० च्या दराने म्हणजे ३५,०००. १२ ग्राहक मिळाले तर ४,२०,००० हातात. आनंद वाटणारच. पण तुम्ही १२० फेऱ्या देणं लागता. नुसतं डिझेल, टोल आणि भत्ता २,१६,०००. ते पैसे डाउन पेमेंटमध्ये गेले, तर पुढचे काही महिने गाड्या पळतील पण या ग्राहकांकडून एक रुपया येणार नाही. वर हप्ता नवा. आणि लग्नाच्या मुहूर्ताला बाहेरची गाडी ४,५०० ला मिळाली तर तुमच्या ३,५०० च्या फेरीत सरळ १,००० तोटा.

म्हणून माझं मत: घरचे बरोबर आहेत, गाडी आत्ता नको. पण पॅकेजची कल्पना वाईट नाही. अटी घालून करा.

१. सध्याच्या दोन गाड्यांच्या एकूण फेऱ्यांपैकी एक तृतीयांशपेक्षा जास्त फेऱ्या पॅकेजमध्ये विकू नका.
२. एक दिवस आधी सांगण्याची अट ठेवा. "कधीही" हा शब्द काढून टाका.
३. मुहूर्त, दिवाळी, गणपती असे वर्षातले २०-२५ दिवस आधीच यादी करून वगळा. नेटजेट्ससुद्धा गर्दीच्या दिवसांची यादी करारात देते, त्यात लाज कसली?
४. डिझेल ठरावीक रकमेपेक्षा वाढलं तर फरक घेण्याची ओळ पावतीवर छापा.
५. पैसे वेगळ्या खात्यात. फेरी झाली की ३,५०० काढायचे, त्याआधी नाही.
६. पहिले तीन महिने परतीच्या भाड्यावर मेहनत घ्या. बाजार समिती, फर्निचरवाले, घर बदलणारे, यांचे नंबर गोळा करा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या आणि चार रकाने पाडा: तारीख, साधन चाललं की उभं, परतीचं भाडं मिळालं का, आणि किती ग्राहकांना नाही म्हटलं. ३० दिवस भरा. मग तुमचा स्थिर खर्च काढा आणि कितव्या फेरीपासून स्वतःसाठी कमावताय ते लिहा. तो आकडा मोठ्या अक्षरात गल्ल्यावर चिकटवा.

दादांनी वही सुरू करतो असं कळवलंय. तीन महिन्यांनी त्यांच्या परवानगीने त्यांचे आकडे आपण व्हिडिओत बघू. तुमचा आकडा किती आला तेही कळवा. पुढच्या भागात बघू, सीझन संपल्यावर पडून राहणाऱ्या मालाचं काय करायचं.

भेटू, काळजी घ्या, आणि हिशेब रोजचा रोज लिहा!